कॅमेरो झेड-२८ (१९६९): इंजिन मूळचंच आहे का, हे कसं तपासायचं

शेव्हरोलेने १९६९ च्या मॉडेल वर्षात २,४३,०८५ कॅमेरो बनवल्या. त्यातल्या खास ३०२ घनइंची इंजिनाच्या झेड-२८ फक्त २०,३०२. दोन्हींची बॉडी एकच. पट्टे रंगवून मिळतात, झेड-२८ चे बिल्ले नवे विकत मिळतात, मागचा स्पॉइलरही मिळतो. साध्या व्ही-८ कॅमेरोवर हे सगळं चढवलं की लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. किमतीतला फरक मात्र इतका मोठा असतो की असा खटाटोप करणारे पुष्कळ सापडतात.

नवख्या माणसाला वाटतं की चासी नंबर पाहिला की काम झालं. या गाडीत तसं होत नाही. १९६९ चा चासी नंबर, म्हणजे व्हीआयएन, फक्त इंजिन सहा सिलिंडरचं की व्ही-८, एवढंच सांगतो. कोणतं व्ही-८ हे सांगणारं अक्षर जनरल मोटर्सने व्हीआयएनमध्ये १९७२ पासून घातलं. आपल्याकडच्या आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर शेजारी शेजारी असतात आणि आरटीओत दोन्ही ताडून पाहिले जातात. अमेरिकेत या काळातल्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, इंजिन नंबर नसतो. त्यामुळे तिथे पहिली जुनी गाडी घेणाऱ्या मराठी माणसाने ‘कागद क्लीन आहेत’ या वाक्यावर इंजिनाबद्दल काहीही गृहीत धरू नये. इंजिनाची साक्ष इंजिनावरच शोधावी लागते, आणि एका नंबरावर कधीच थांबायचं नसतं. ओतकामाची तारीख, जोडणीची तारीख, बॉडीची तारीख आणि चासी नंबर ही साखळी सलग लागली पाहिजे.

आधी दिशा पक्की करून घ्या. पुढे ‘डावी’ आणि ‘उजवी’ म्हटलं आहे ते सीटवर बसून समोर पाहताना. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. बॉनेटसमोर उभं राहून पाहिलं की सगळं उलटं होतं आणि तासभर चुकीच्या जागी नंबर शोधला जातो.

सोबत काय घ्यायचं: चांगली टॉर्च, दांडीवरचा छोटा आरसा, फोनला जोडता येणारा एंडोस्कोप कॅमेरा, ब्रेक क्लीनरचा एक कॅन, सुती फडकी, जुना टूथब्रश, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, शिवाय अल्टरनेटर सैल करायला इंचाचे पाने. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि स्क्रेपर घरीच ठेवा. का ते पुढे येईलच.

१. चासी नंबर

१९६८ पासून व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात असते आणि विंडशील्डमधून वाचता येते. नंबर १३ अक्षरांचा. सुरुवात १२४३७९एन अशी असेल तर: १ म्हणजे शेव्हरोले, २ म्हणजे कॅमेरो, ४ म्हणजे व्ही-८ (सहा सिलिंडरला इथे ३ येतो), ३७ म्हणजे कूपे (कन्व्हर्टिबलला ६७), ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोमधला नॉरवुड कारखाना. एनच्या जागी एल असेल तर कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइज. नंतरचे सहा अंक अनुक्रमांकाचे.

अनुक्रमांक दोन्ही कारखान्यांत ५००००१ पासून सुरू झाले. नॉरवुडने त्या वर्षी २,११,९२२ गाड्या काढल्या, व्हॅन नाइजने ३१,१६३. म्हणून नॉरवुडच्या गाडीचा अनुक्रमांक ६ किंवा ७ ने सुरू झाला तरी घाबरायचं कारण नाही. पण ‘एल’ असलेल्या गाडीचा अनुक्रमांक ६ ने सुरू होत असेल तर तिथूनच परत फिरा.

पट्टीचे रिव्हेट नीट पाहा. ते फुलाच्या आकाराचे, सहा पाकळ्यांचे असतात. साधे पॉप रिव्हेट, स्क्रू किंवा कडेने गोंद दिसला तर पट्टी कधीतरी निघाली आहे. जाणूनबुजून व्हीआयएन काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

याच नंबराचा शेवटचा भाग बॉडीवर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो: फायरवॉलवर (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर) हीटरच्या ब्लोअरच्या डब्यामागे, आणि विंडशील्डखालची जाळीची पट्टी काढली की आतल्या पत्र्यावर. सौदा मोठा असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने जाळी काढून पाहाच. डॅशवरचा नंबर आणि हा नंबर जुळला नाही तर पुढचं काहीही तपासायची गरज नाही.

२. फायरवॉलवरची पट्टी

इंजिन खोलीत, फायरवॉलच्या डाव्या बाजूला फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाची छोटी पट्टी असते. तिच्यावर बॉडीचा प्रकार, कारखाना (नॉर म्हणजे नॉरवुड, लॉस म्हणजे व्हॅन नाइज), आतल्या सजावटीचा कोड, रंगाचा कोड आणि बॉडी जोडल्याचा महिना व आठवडा असतो. ०२बी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तिच्यावरचा बॉडी नंबर हा व्हीआयएन नव्हे, तो जुळत नाही म्हणून दचकू नका.

नॉरवुडच्या गाड्यांवर साधारण डिसेंबर १९६८ पासून पट्टीवर ‘एक्स’ने सुरू होणारा कोडही आला. त्यातला एक्स३३ म्हणजे स्टाइल ट्रिमसह (बाहेरच्या जादा सजावटीसह) झेड-२८, एक्स७७ म्हणजे त्या ट्रिमशिवाय झेड-२८. एक्स११ असलेली गाडी झेड-२८ म्हणून कोणी पुढे केली तर नम्रपणे नाही म्हणा; एक्स११ म्हणजे फक्त स्टाइल ट्रिम. एक्स४४ म्हणजे तेही नाही. डिसेंबरआधीच्या नॉरवुड गाड्यांवर आणि व्हॅन नाइजच्या गाड्यांवर हा कोड नसतो, म्हणून तो नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. पट्टीही नवी बनवून मिळते. तिचा उपयोग मुख्यतः तारखेसाठी करा.

३. पॅडवरचा ठसा

आता इंजिनाकडे. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला ब्लॉकचा सपाट भाग हेडच्या बाहेर डोकावतो. हेच पॅड. १९६९ मध्ये अल्टरनेटर उजवीकडे आला आणि नेमका या पॅडसमोर बसला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटरचा ब्रेसचा बोल्ट सैल करा, पट्टा उतरवा आणि अल्टरनेटर बाजूला झुकवा. वरून कसाबसा आरसा घालून वाचण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं घालवणं बरं.

पॅडवर ब्रेक क्लीनर मारा, थोडं थांबा, टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा. रंगाचा थर जाड असेल तर रंग काढायचं रसायन वापरा. धातूला धातू लावायचा नाही. पॅडवर यंत्राने उमटवलेल्या बारीक रेषा असतात आणि त्याच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहेत. तारेच्या ब्रशचा एक फटका त्या पुसून टाकतो आणि मग अस्सल इंजिनही संशयास्पद दिसायला लागतं.

ठसा असा असतो: व्ही०१३०डीझेड. व्ही म्हणजे मिशिगनमधला फ्लिंट इंजिन कारखाना, ०१ महिना, ३० तारीख, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चं ३०२ घनइंची इंजिन. हे इंजिन फ्लिंटमध्येच बनत असे. पहिलं अक्षर टी असेल तर तो न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, आणि टी सोबत डीझेड ही जोडी जमत नाही.

या ठशात वर्ष नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थही वर्षागणिक बदलतो. एमओ हा कोड १९६७ आणि १९६८ मध्ये झेड-२८ च्या ३०२ चा होता; १९६९ मध्ये तोच कोड खास ऑर्डरच्या ४२७ इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाड्यांना दिला गेला. कोडांची यादी पाहताना ती कोणत्या वर्षाची आहे हे आधी पाहा. तीन अक्षरी कोड दिसला तर इंजिन १९७० किंवा नंतरचं आहे.

‘सीई’ने सुरू होणारा ठसा दिसला तर ते वॉरंटीत बदलून दिलेलं इंजिन. कंपनीचंच, पण या गाडीबरोबर कारखान्यातून निघालेलं नाही. विक्रेता ते सरळ सांगत असेल तर त्यात फसवणूक काही नाही, किंमत मात्र त्या हिशेबाने ठरली पाहिजे.

४. इंजिनावरचा चासी नंबर

गाडी जोडणाऱ्या कारखान्यात इंजिनावर व्हीआयएनचा संक्षेप ठोकला जाई: १ (शेव्हरोले), ९ (वर्ष), एन (कारखाना) आणि तेच सहा अंक. म्हणजे ‘१९एन’ आणि पुढे अनुक्रमांक. इंजिन या गाडीचं आहे हे सांगणारा ठसा हाच. ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणून जाहिरात असेल तर विचारायचा पहिला प्रश्नही हाच: हा ठसा कुठे आहे, आणि त्याचा फोटो आहे का?

१९६९ मध्ये तो दोन जागी सापडतो. कधी पॅडवर, कधी ब्लॉकच्या डाव्या बाजूला खाली, तेल फिल्टरच्या अगदी वर. दुसरी जागा ओतीव आणि खडबडीत असते, वर पन्नास वर्षांचं तेल आणि माती बसलेली, त्यामुळे ठसा नाहीच असं वाटतं. गाडी लिफ्टवर घ्या, भाग स्वच्छ करा, टॉर्च बाजूने जवळजवळ आडवी धरा. समोरून उजेड टाकला तर अंक दिसत नाहीत. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि वाचता येतं. पेन्सिलने कागदावर छाप घेणं पॅडवर चांगलं जमतं, इथे मात्र खडबडीतपणामुळे सगळंच काळं होतं. पांढरा खडू घासून वरचा पुसला तर खाचांत राहिलेला खडू मदत करतो.

५. ओतकामाचा नंबर आणि तारीख

ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडतो त्या कडेवर, डावीकडे सात आकडी कास्टिंग नंबर आणि उजवीकडे ओतल्याची तारीख असते. फायरवॉल इतकी जवळ आहे की एंडोस्कोप किंवा आरसाच लागतो. आरशात अंक उलटे दिसतात, म्हणून आरशाचाच फोटो काढून घरी तो उलटवून वाचा.

१९६९ च्या झेड-२८ मध्ये तीन नंबरांचे ब्लॉक येतात: ३९३२३८६, ३९५६६१८ आणि वर्षाच्या उत्तरार्धात ३९७००१०. यातला शेवटचा, ज्याला तिथले लोक नुसतं ‘०१०’ म्हणतात, सत्तरच्या दशकभर साध्या ३५० इंजिनांत चालला. भंगारात असे ब्लॉक ढीगभर मिळतात आणि खोटी झेड-२८ इंजिनं बनवायला तेच वापरले जातात.

तारीख अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा अंक अशी. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, एल डिसेंबर. ‘ए २२ ९’ म्हणजे २२ जानेवारी १९६९. पण शेवटचा अंक एकच असल्याने ०१० ब्लॉकवरचा ९ हा १९७९ चाही असू शकतो. अशा वेळी निकाल एका तारखेवर देऊ नका, साखळीवर द्या.

६. साखळी लावणं

कागदावर एकाखाली एक लिहा. ब्लॉक ओतला २२ जानेवारी. इंजिन जोडलं ३० जानेवारी. बॉडी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. हे पटतं: ओतकाम ते जोडणी काही दिवस ते काही आठवडे, जोडणी ते गाडी साधारण महिन्याच्या आत. अंतर जास्त असलं तरी लगेच खोटं ठरत नाही, पण ओतकामाची तारीख जोडणीनंतरची निघाली, किंवा इंजिन बॉडीनंतर महिन्याने जोडलेलं दिसलं, तर ते इंजिन या गाडीचं नाही. अनुक्रमांक कोणत्या महिन्यात पडतो याच्या याद्या कॅमेरो रिसर्च ग्रुपने प्रसिद्ध केल्या आहेत. फायरवॉलवरच्या पट्टीचा महिना त्याच्याशी ताडून पाहा.

७. ठसा खरा की नव्याने ठोकलेला

इथे घाई करू नका. नंबर कुणीही बरोबर ठोकू शकतो, अक्षरांचे संच बाजारात मिळतात. अवघड आहे ते पृष्ठभाग खरा बनवणं.

कारखान्यात ब्लॉकचा वरचा सपाट भाग ब्रोचिंगने तासला जाई. त्याने इंजिनाच्या पुढून मागे जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेषा उमटत. पॅड हा त्याच पृष्ठभागाचा भाग आहे, म्हणून रेषा पॅडवर सुरू होऊन हेडच्या गॅस्केटखाली शिरताना दिसल्या पाहिजेत. ठसा या रेषांवर बसलेला असतो आणि दोन अक्षरांच्या मधल्या जागेत रेषा अखंड दिसतात.

काय खटकलं पाहिजे? रेषांऐवजी गोलाकार वळणं असतील तर ब्लॉक नंतर मशीन शॉपमध्ये मिलिंग करून सपाट केला आहे. आरशासारखं गुळगुळीत पॅड असेल तर घासलं आहे. रेषा आहेत, पण वाकड्या, कमीजास्त खोल आणि पॅडच्या कडेला गोलावलेल्या असतील तर त्या पॉलिश पेपरने हाताने ओढलेल्या आहेत. छोटी सरळ पट्टी पॅडवर टेकवून गॅस्केटच्या कडेपर्यंत नेऊन पाहा. मध्ये खळगा असेल, उजेड दिसत असेल, तर जुना ठसा घासून काढला आहे.

मग अक्षरं. इंजिनाचा ठसा फ्लिंटमध्ये, चासी नंबराचा ठसा नॉरवुड किंवा व्हॅन नाइजमध्ये, वेगळ्या हाताने, वेगळ्या अक्षरसंचाने ठोकलेला. दोघांचा आकार, खोली आणि ओळीची सरळता वेगवेगळी असते. दोन्ही ठसे एकाच संचातले, एकाच खोलीचे आणि एका रेषेत मांडल्यासारखे दिसले तर ते एकाच माणसाने एकाच दिवशी ठोकले आहेत. अस्सल ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असू शकतो, एखादं अक्षर अर्धंच उठलेलं असतं. असा ओबडधोबड ठसा पाहून नवखे लोक घाबरतात. जाणकार उलट निश्चिंत होतात.

कोरं पॅड म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. पन्नास वर्षांत कितीतरी इंजिनं प्रामाणिकपणे उघडली गेली आणि ब्लॉक सपाट करताना ठसे गेले. अशा ब्लॉकवर तेल फिल्टरजवळचा ठसा शिल्लक असेल तर तोच मोलाचा. तोही नसेल तर ते इंजिन ‘योग्य तारखेचं’ म्हणता येईल, ‘मूळचं’ नाही.

८. बाकीचे भाग

इंजिनाला साथ देणारी साक्ष गोळा करा. हेडवर ३९२७१८६, अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डवर ३९३२४७२, हॉली कार्बोरेटरवर लिस्ट नंबर ४०५३. हे सगळे बदलता येतात, म्हणून ते असले तर चांगलं, नसले तर किंमत कमी, एवढंच.

मन्सी कारखान्यातल्या चार गिअरच्या बॉक्सवर ‘पी९बी०३बी’सारखा ठसा असतो: मन्सी, १९६९, फेब्रुवारी, ३ तारीख, आणि शेवटचं अक्षर प्रकाराचं, ए म्हणजे एम२०, बी एम२१, सी एम२२. याच्यावरही चासी नंबराचा संक्षेप असतो. इंजिन बदललेलं पण गिअरबॉक्स मूळचा, अशा गाड्या बऱ्याच आहेत, आणि त्या गिअरबॉक्समुळे गाडीची ओळख बरीच पक्की होते. झेड-२८ ऑटोमॅटिकमध्ये आलीच नाही. मागचा अ‍ॅक्सल १२ बोल्टचा हवा. कव्हरचे बोल्ट मोजायला मिनिटभर लागतं.

एक गोष्ट बनावट करणारे हमखास विसरतात: टाकीपासून पुढे येणारी पेट्रोलची नळी. झेड-२८ आणि एसएस (कॅमेरोचाच दुसरा दमदार प्रकार) गाड्यांत ती ३/८ इंच, साध्या गाड्यांत ५/१६. गाडीखाली शिरून व्हर्निअर लावा. नळी नवी असेल तर अर्थातच पुरावा जातो, पण जुनी, गंजलेली ५/१६ ची नळी दिसली तर विक्रेत्याकडे उत्तर मागा.

इंजिन काही कारणाने उघडलं असेल, तर पिस्टनची चाल मोजा. ३०२ ची चाल ३ इंच, ३२७ ची ३.२५, ३५० ची ३.४८. तिन्हींचा बोर ४ इंचच, त्यामुळे सिलिंडर मोजून काही कळत नाही.

९. कागद

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं याची कारखान्यातली यादी), जो पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटखाली सापडतो, आणि वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी, जिच्यावर चासी नंबराबरोबर इंजिनाचा कोडही उठवलेला असतो. दोन्हींच्या नकला बनतात. कागदाचा जुनेपणा, घड्या आणि त्यावरच्या तारखा इंजिनाशी ताडा. कॅनडात विकलेली गाडी असेल तर जनरल मोटर्स ऑफ कॅनडा नोंदी देऊ शकते. अमेरिकेत विकलेल्या कॅमेरोसाठी तशी सोय नाही, म्हणून तर ही सगळी यातायात. पाँटिअ‍ॅकवाल्यांना पीएचएस (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून आणि १९६७ पासूनच्या फोर्डवाल्यांना मार्टी ऑटो वर्क्सकडून कारखान्याच्या नोंदी मिळतात. त्यांचं काम बरंच सोपं आहे.

मुंबई-पुण्यात दिसणाऱ्या जुन्या शेव्हरोले वेगळ्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जोडत होता. त्यांना वरचे कोड लागू होत नाहीत, आणि आरसीवरचा इंजिन नंबर हीच तिथे पहिली पायरी असते. ओतकाम आधी, जोडणी नंतर, गाडी शेवटी, हा तारखांचा क्रम मात्र त्यांनाही लागू पडतो.

बयाणा देण्याआधी

विक्रेत्याकडून पुढचे फोटो मागा: पॅड सरळ उजेडात आणि तिरप्या उजेडात, तेल फिल्टरवरचा भाग, कास्टिंग नंबर, कास्टिंग तारीख, डॅशवरची पट्टी रिव्हेटसह, फायरवॉलची पट्टी, गिअरबॉक्सचा ठसा. फोटो पाठवताना शेवटचे अंक झाकायची पद्धत आहे, तिथे हरकत घेऊ नका. प्रत्यक्ष पाहताना मात्र सगळं उघडं हवं. विक्रीच्या करारात ‘नंबर्स मॅचिंग’ असं मोघम लिहून घेऊ नका. इंजिनावरचा चासी संक्षेप, पॅडवरचा पूर्ण ठसा, कास्टिंग नंबर आणि कास्टिंग तारीख अक्षर-अंकांसह लिहून घ्या, आणि ‘हे ठसे मूळचे आहेत, नव्याने ठोकलेले नाहीत’ या वाक्याखाली विक्रेत्याची सही घ्या.